हातमोजे घालून

लोवेलमध्ये कालव्याकाठी एक जुनी सूतगिरणी आहे,
तिच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या गावाचं संग्रहालय.
ऋतू पालटला की काचेमागचं जग पालटतं:
उन्हाळ्यात कालवा खणणाऱ्या आयरिश मजुरांची फावडी,
पानगळीत पोर्तुगालची मासळीची जाळी,
आणि डिसेंबरात, बाहेर गुडघाभर बर्फ असताना,
सणासुदीची स्वयंपाकघरं.

तुमच्याकडचं काही आहे का, मिसेस गॅफनींनी विचारलं.
बघतो म्हणालो.
बघायचं काय त्यात, वैजयंती म्हणाली,
तो सोऱ्या देऊन टाका.
चकल्या आता एडिसनहून येतात, कुरियरने,
आणि वाटेत मोडत नाहीत.

पितळेचा सोऱ्या. दोन कान, वर फिरवायची दांडी.
शकूमावशीनं कराडच्या बाजारात घासाघीस करून घेतलेला,
बॉस्टनच्या विमानतळावर ज्याच्यात अधिकाऱ्यानं
डोळा लावून आरपार पाहिलं होतं
आणि मला विचारलं होतं, हे नक्की काय करतं?

दिला. पावतीवर सही केली.
फॉर्मात रकाना होता, वस्तू कोण वापरत असे.
लिहिलं: दोघं.
ती भाजणी भिजवायची, मोहन घालायची, चव बघायची,
मी नुसता पिळायचो.
'नुसता' खोडलं.
मग पुन्हा लिहिलं.

शनिवारी कुटुंबमेळा.
लांबलचक टेबलावर पोरं रंगीत मातीच्या चकल्या पाडतायत,
निळ्या, जांभळ्या, एक तर चक्क काळी,
मॅटेओ नावाच्या एकानं ती खाऊनही बघितली.
यातून खरं काय निघतं, कुणीतरी विचारलं.
दाखवतो, म्हणत मी काचेकडे वळलो.
मिसेस गॅफनींनी कुलूप काढलं
आणि पांढरे हातमोजे पुढे केले.
आता ती संग्रहातली वस्तू आहे, त्या हळूच म्हणाल्या.

बत्तीस दिवाळ्या या दांडीनं माझे तळवे लाल केले,
आता माझ्या घामानं पितळ बिघडेल.
घातले मोजे.
लग्नात अंतरपाटासमोर उभा होतो ना,
तसाच उभा राहिलो, हातांचं काय करायचं ते न कळून.

तेवढ्यात चाकांच्या खुर्चीतून एक म्हाताऱ्या बाई आल्या,
कंबोडियाच्या. नात खुर्ची ढकलत होती.
बाईंनी सोऱ्याच्या बुडाशी नजर लावली
आणि ख्मेरमध्ये काहीतरी लांबलचक सुनावलं.
नात लाजली.
आजी म्हणते, भोकं फार मोठी आहेत.
शेवया अशा पडत नाहीत.

मी म्हणालो, बारीक भोकांचीही चकती होती.
हिला सांगा, होती.

नातीनं सांगितलं.
सोफीपबाई हसल्या, दोनच दात दिसले,
आणि उघड्या हातानं त्यांनी दांडीचं एक टोक धरलं.
दुसरं माझ्याकडे.
रिकामाच फिरवला आम्ही.
पितळ करकरलं, अगदी तळणीआधी करकरायचं तसं.
मिसेस गॅफनी खिडकीबाहेरचा बर्फ पाहत राहिल्या,
बराच वेळ, भल्या बाई.

घरी आलो. बारीक शेवेची चकती कुठे आहे गं?
कशाला?
एका बाईंना दाखवायचीय.
ती काही बोलली नाही.
मसाल्याच्या डब्यांमागून एक फडक्याची पुरचुंडी काढली,
गाठ सोडली:
शेवेची, गाठीची, पापडीची, आणखी एक जिचं नाव मलाही ठाऊक नाही,
चार चकत्या, चिंचेनं घासून लख्ख.

म्हणजे तू सगळा दिलाच नव्हतास.

सगळा कुणी मागितला होता? ती म्हणाली,
आणि पुरचुंडी बांधायला घेतली.

सोमवारी जाऊन मी काचेखालची पाटी वाचली,
चष्मा पुसून, दुसऱ्यांदा:
चकल्यांचा साचा, पितळ, पश्चिम भारत.
सुटे भाग अपूर्ण.